माळावर जनावरं किती सोडायची ते डोळ्यांनी नको, तराजूने ठरवा

आमच्याकडे कुणालाही विचारा, तुझ्या माळावर किती जनावरं बसतात, तो ऑगस्टातलं हिरवंगार डोळ्यासमोर आणून आकडा सांगणार. मी पण तेच करायचो. आमचा १४ एकर माळ आहे माण तालुक्यात, मुरमाड, वरच्या अंगाला नुसता खडक आणि खाली ओढ्याकडे जरा वीतभर माती. २०१८ ला सुरवातीचे दोन वळीव बरे झाले, माळ हिरवा दिसला, आणि मी लगेच दोन गाभण खिलार गाई विकत आणल्या, घरच्या तीन होत्याच, वर शेळ्या. परतीचा पाऊस आलाच नाही. दसऱ्याला माळ संपला, दिवाळीच्या आसपास कडबा संपला, आणि २०१९ च्या उन्हाळ्यात छावणीत दावणीला जाऊन बसायची पाळी आली. घेतलेल्या दोन्ही गाई शेवटी निम्म्या किमतीत गेल्या, पण जास्त वाईट काय झालं तर माळ जो बोडका झाला तो पुढची तीन वर्षं नीट उठलाच नाही. जनावर विकून परत घेता येतं हो, मारवेल गवताचं ठोंब उपटून गेलं की ते बाजारात मिळत नाही.

तर हे सगळं त्यानंतर शिकलेलं आहे. ज्यांच्याकडे ५-२० एकर पडीक माळ, डोंगरउतार किंवा कुरण आहे आणि त्यावर देशी गाई, खोंडं, शेळ्या-मेंढ्या चारायच्या आहेत त्यांच्यासाठी. बागायतीत नेपियर गवत लावून गोठ्यात संकरित गाई सांभाळणाऱ्यांचा हा विषय नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो. चराईचं हे गणित जगात सगळ्यात जास्त केलं जातं मांसासाठी गाई पाळणाऱ्या देशात, ऑस्ट्रेलिया, अमेरिका, ब्राझील वगैरे. अमेरिकेत ४५० किलोची गाय आणि तिचं वासरू मिळून एक युनिट धरतात आणि एका युनिटला महिनाभर किती गवत लागतं त्यावर सरकारी जमिनीची चराई फी सुद्धा ठरते. पद्धत आपल्याला चालते, पण तिथल्या माणसाला एक सोय आहे, पाऊस हुकला की तो ट्रक बोलावतो आणि निम्मा कळप विकून मोकळा होतो. आपल्या राज्यात गाय तर आधीपासून कत्तलबंदीत होतीच, २०१५ पासून बैल आणि वळू पण आले. ते चूक की बरोबर हा वाद इथे घालत नाही, पण हिशोबावर काय परिणाम होतो ते बघा: भाकड गाय, म्हातारा बैल हे दावणीलाच राहतात, आणि ते पण रोज खातात. म्हणजे आपल्याला कळप कमी करायला वेळ जास्त लागतो, म्हणून निर्णय लवकर घ्यावा लागतो. मी तरी आता जनावर घेताना हा विचार आधी करतो की हे उद्या नको झालं तर जाणार कुठं.

आता मोजायचं कसं.

एक एक मीटरचे चार पाईपचे तुकडे घ्या, कोपऱ्याला एल्बो लावून चौकट करा. पीव्हीसीचा अर्ध्या इंची पाईप पुरतो, शंभर-दीडशे रुपयात होतं काम. ही चौकट घेऊन माळावर जायचं आणि पाठमोरं होऊन मागे फेकायची. पाठमोरं अशासाठी की समोर बघून फेकली की हात आपोआप चांगल्या गवताकडे जातो, मी स्वतः बघितलंय, माझा पुतण्या पहिल्या दिवशी बरोबर ओढ्याकाठी फेकत होता आणि एकरी उतारा असा काही आला की आम्ही दोन मिनिटं खूष होतो. माळाचे डोक्यातल्या डोक्यात भाग पाडा, वरचा खडकाळ, मधला उतार, खालचा मातीचा, आणि प्रत्येक भागात पाच-सहा वेळा तरी फेका. चौकट खडकावर पडली आणि आत काहीच नाही तर तो पण नमुना आहे, शून्य लिहायचं, उचलून दुसरीकडे टाकायची नाही.

चौकटीच्या आतलं गवत जमिनीपासून दोन बोटं वर ठेवून विळ्याने कापायचं. गाजर गवत, तरवड, घाणेरी असलं जे जनावर खात नाही ते बाजूला काढा. उरलेलं पिशवीत भरून वर चिठ्ठी टाका, कुठल्या भागातलं ते. घरी पत्र्यावर चार-पाच दिवस वाळवा, कडकड वाजायला लागलं की स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तोला (घरच्यांना विचारून). ओल्याचं वजन धरून चालू नका, ऑगस्टाच्या शेवटी कापलेल्या गवतात सत्तर टक्के तरी पाणी असतं, ४०० ग्रॅम भरलेलं वाळून १२० वर येतं.

जेवढे ग्रॅम एका चौरस मीटरला आले त्याला चारने गुणा, झाले एकरी किलो. एकर म्हणजे ४०४७ चौरस मीटर, म्हणून चार. हेक्टरी पाहिजे असेल तर दहाने गुणा. एवढं सोपं आहे.

कधी मोजायचं हे महत्त्वाचं. गवत फुलोऱ्यात आलं की, म्हणजे आमच्या भागात घटस्थापना ते दसरा या दिवसात. तेव्हा माळावर वर्षातलं सगळ्यात जास्त गवत उभं असतं आणि पुढे पाऊस नसल्यामुळे त्यात भर पडणार नसते. त्याआधी जनावरांनी खाल्लेलं हिशोबात धरायला जून महिन्यात काटेरी फांद्यांनी दोन-तीन जागा गच्च झाकून ठेवा, तिथे जनावर तोंड घालणार नाही, तिथली चौकट खरा आकडा सांगते.

माझा पहिल्या वर्षीचा आकडा सांगतो. सरासरी १२० ग्रॅम. म्हणजे एकरी ४८० किलो वाळलेलं, १४ एकराचं ६७२० किलो. ऐकायला मोप वाटतं, पावणेसात टन. पण हे सगळं जनावराचं नाही. निम्मं माळाचं.

हे निम्म्याचं गणित खूप जणांना पटत नाही, म्हणतात उभं गवत सोडून द्यायचं म्हणजे काय. गवताचा पाला हे त्याचं स्वयंपाकघर, मुळांना जेवण तिथून जातं. अमेरिकेत क्रायडर नावाच्या माणसाने याचे प्रयोग करून १९५५ ला छापलेत, त्यात असं दिसलं की वरचा निम्मा पाला काढला तरी मुळांची वाढ जवळपास चालू राहते, पण ८० टक्के काढला की मुळं वाढायची ठप्प, आणि तीही दहा-बारा दिवस. आता आमच्यासारख्या ठिकाणी जिथे दोन पावसात महिनाभराचं अंतर पडतं, तिथे मुळं दहा दिवस थांबली म्हणजे पुढचा ओलावा खाली निघून गेला आणि गवत वरच राहिलं. शिवाय त्या निम्म्यातलं थोडं खुरांखाली तुडवलं जातं, थोडं शेणामुताने घाण होऊन जनावर सोडतं, थोडं वाळवी नेते, आणि जे उरतं ते मुरूम झाकतं. उघडा मुरूम मे महिन्यात तव्यासारखा तापतो आणि पहिल्या वळवाला जी माती ओढ्याला जाते ती काय परत येत नाही.

म्हणजे ६७२० चे झाले ३३६०.

आता खाणारे किती. खिलार गाय ३५० किलोची धरा, दिवसाला वजनाच्या अडीच टक्क्यांच्या आत-बाहेर कोरडा चारा खाते, म्हणजे आठ ते नऊ किलो. मी आठ धरतो, कारण वरून थोडी पेंड-भुसा असतोच. शेळी ३०-३५ किलोची, पण ती वजनाच्या मानाने जास्त खाते, सव्वा-दीड किलो जाते, म्हणून पाच-सहा शेळ्या म्हणजे एक गाय हा ठोकताळा बरा आहे. कालवड आणि वर्षाचं खोंड अर्धी गाय. कामाचा मोठा बैल सव्वा ते दीड गाय. म्हैस पण दीडच्या आसपास. माझ्याकडे तेव्हा तीन गाई, एक कालवड, एक खोंड आणि दहा शेळ्या. तीन, अधिक अर्धा, अधिक अर्धा, अधिक दोन, झाले सहा. सहा आठे अठ्ठेचाळीस किलो रोजचे.

३३६० भागिले ४८. ७० दिवस.

खरं सांगतो, कागदावर हा आकडा आला तेव्हा परत परत गुणाकार केला. १४ एकर जमीन आणि सत्तर दिवस. वर्षभर फक्त माळावर सांभाळायचं म्हटलं तर एका गाईला वर्षाला २९२० किलो लागतात, म्हणजे त्या अख्ख्या माळावर एक गाय आणि फार तर एक शेळी एवढंच बसत होतं. आणि मी २०१८ ला पाच गाई घेऊन बसलो होतो.

शेळ्यांच्या बाबतीत एक सूट आहे. शेळी निम्मं पोट बोर, बाभूळ, हिवर, करवंद असल्या झुडपांवर भरते, मान वर करून खाणारं जनावर आहे ते. त्यामुळे झुडपं असतील तर गाई आणि शेळ्या एकत्र ठेवणं नुसत्या गाईंपेक्षा फायद्याचं, दोघांची ताटं वेगळी. मेंढीचं तसं नाही, ती जमिनीला ओठ लावून कातरते, बोडक्या माळावर मेंढ्या बसल्या की उरलंसुरलं पण संपतं. धनगर मंडळी मुळात एका जागी बसतच नाहीत, दिवाळी झाली की कोकणाकडे नाहीतर बागायत पट्ट्यात निघतात आणि पावसाला परत येतात, त्यांना हे गणित कागदाशिवाय कळलेलं आहे. एका जागी बसून त्यांच्याएवढा कळप ठेवणारे आपणच शहाणे.

मग आकडा जुळला नाही तर करायचं काय? एकतर जनावर कमी, नाहीतर माळावरचे दिवस कमी, नाहीतर गवत जास्त. चौथं काही नाही. तुम्ही म्हणाल कडबा. बरोबर, पण तो पण मोजा. "शंभर पेंढ्या हायत" याला अर्थ नाही, पेंढीचं वजन गावागावात वेगळं, कुठे सव्वा किलो कुठे तीन. दहा पेंढ्या तोला, सरासरी काढा, त्यातली बुडख्याची जाड ताटं जनावर टाकून देतं तेवढी वजा करा (कुट्टी मशीन असेल तर ही नासाडी बरीच वाचते) आणि मग ४८ ने भागा. माळाचे दिवस अधिक कडब्याचे दिवस अधिक बांधावरचं आणि भांगलणीचं गवत, बेरीज ३६५ च्या खाली आली तर जेवढी तूट तेवढं जनावर जास्त आहे.

आणि ही बेरीज दसऱ्याला करायची, होळीला नाही. होळीला सगळ्यांचाच चारा संपलेला असतो, तेव्हा कडब्याला भाव असतो आणि जनावराला नसतो. आमच्याकडे खिलारचा मोठा बाजार पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेत भरतो, डिसेंबर-जानेवारीत, तिथे खोंड विकायचं असेल तर ते दिवाळीपासून तयार करायला लागतं, अंगावर मांस, कातडीला चमक. बैलगाडा शर्यती परत सुरू झाल्यापासून चांगल्या खोंडाला गिऱ्हाईक आहे. उपाशी ठेवून फेब्रुवारीत नेलेल्या खोंडाकडे कोण बघत नाही. बोकडाचं वेगळं. सगळ्यांना बकरी ईदचा भाव पाहिजे असतो, पण ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते आणि सध्या ती ऐन उन्हाळ्यात येते, म्हणजे बोकड नेमका चारा नसलेल्या महिन्यांतून काढायचा. दोन-तीन निवडक ठेवा, बाकी दिवाळीच्या आत काढा, भाव थोडा कमी मिळाला तरी.

चारायचं कसं याबद्दल. पहिला पाऊस पडून हिरवं दिसलं की जनावर सोडायची घाई करू नका. जूनचं गवत साठवलेल्या मुळाच्या जोरावर वर आलेलं असतं, त्याने अजून कमावलेलं काही नसतं, तेव्हाच खाल्लं म्हणजे बियाणंच खाल्लं. मी बेंदूर होऊ देतो, नागपंचमी होऊ देतो, आणि गोकुळाष्टमीच्या आसपास गवत वीतभराच्या वर गेलं की सोडतो. तोवर जनावरं कडब्यावर आणि बांधावर. हे दोन महिने जड जातात, खोटं बोलत नाही, शेजारी हसतात की माळ हिरवा आणि जनावरं दावणीला.

माळाचे पाच तुकडे केलेत. सुरवातीला भिंती, चर असलं काही नव्हतं, घायपात आणि काटेरी फांद्या. नंतर सोलरचं झटका मशीन घेतलं, जे लोक रानडुकरांसाठी मक्याला लावतात तेच. गाईंसाठी एकच तार, साधारण मांडीच्या उंचीला, पुरते. दोन दिवसात शिकतात. शेळ्यांना तीन तारा लागतात आणि तरी एखादी बेरकी निघतेच. एक ताकीद: झटका मशीन सोडून थेट लाईटचा करंट तारेत कधीही सोडायचा नाही, माणसं मेलीत त्याने, गुन्हा पण आहे.

पाऊस चालू असेपर्यंत एका तुकड्यात पाच-सहा दिवस, मग पुढे, म्हणजे परत पहिल्या तुकड्यावर यायला तीन-साडेतीन आठवडे जातात आणि तेवढ्यात गवत उठतं. पण तारखेला चिकटून राहू नका. तुकड्यातून कधी काढायचं ते गवताची उंची सांगते, चार बोटं राहिलं की बाहेर. जंताच्या अळ्या पण गवताच्या बुडख्याशीच जास्त असतात, त्यामुळे खालपर्यंत न चारण्याचा हाही फायदा, शेळ्यांमध्ये तर लगेच कळतो. पाऊस संपला की फिरवाफिरवीला तसा अर्थ राहत नाही, कारण आता गवत वाढणारच नाही, मग तुकडे हे नुसतं रेशनकार्ड आहे, या आठवड्याचं एवढंच.

अजून एक छोटी गोष्ट, पण मला सगळ्यात आवडलेली. पाण्याचा हौद माझा खाली ओढ्याकडे आहे आणि दरवर्षी हौदाच्या भोवती दोनशे फूट जमीन तुळतुळीत, आणि वरच्या टोकाला गवत उभंच्या उभं वाळून जायचं. जनावर पाण्यापासून लांब जायला आळस करतं. मी मिठाची चाटण वीट हौदाजवळ होती ती उचलून वरच्या टोकाला एका बाभळीला टांगली. बस. आठवड्यात वर पायवाट पडली. फुकटात दीड-दोन एकर चराई वाढली.

माळावर काय उगवतंय हे ओळखायला शिका, त्यावरून जमीन चढतीय का उतरतीय ते कळतं. आपल्या दख्खनच्या माळाची मूळची चांगली गवतं म्हणजे पवना, शेडा, मारवेल, डोंगरी. जास्त चराई झाली की हीच आधी जातात कारण जनावर ह्यांनाच आधी धरतं. मग कुसळी वाढते. कुसळी कोवळी असताना जनावर खातं, वाईट नाही, पण गणपतीनंतर तिला कुसळ धरलं की संपलं, हिरड्यात रुततं, मेंढीच्या लोकरीतून कातडीत शिरतं. ते कुसळ एकदा हातावर घेऊन थोडं पाणी टाकून बघा, आपोआप गिरमिटासारखं फिरायला लागतं. तसंच ते बी जमिनीत स्वतःला घुसवून घेतं. म्हणूनच माळ पेटवला की कुसळी वाचते, तिचं बी खाली सुरक्षित, आणि मारवेलची ठोंबं जळतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये "पेटवलं की गवात जोरात येतंय" म्हणून काडी लावणारे दरवर्षी स्वतःच्या हाताने कुसळी पेरत असतात. जोरात येतं ते दोन आठवडे, राखेमुळे, पुढे बोंब. आमचा माळ दोनदा शेजारच्या वणव्यात जळाला, तेव्हापासून दिवाळी झाली की कडेने दहा फुटांचा पट्टा खरडून जाळरेषा काढतो.

कुसळीच्याही पुढची पायरी म्हणजे वीतभर उंचीचं, उपटलं तर मुठीत चार काड्या येतील असलं गवत, आणि तरवड. तिथे आलात तर चराई बंद करण्यावाचून इलाज नाही. हिवरे बाजार, राळेगणसिद्धी इथे पाणलोटाच्या कामाबरोबर चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी होती हे लोक विसरतात, फक्त चर खोदल्याचे फोटो लक्षात राहतात. बंदी म्हणजे गवत वाया नाही, कापून न्यायला परवानगी असायची, विळ्याला हो आणि खुराला नाही.

गवत वाढवायचं असेल तर सगळा माळ एकदम करायला जाऊ नका, पैसे आणि दम दोन्ही संपतात. मी खालच्या पाच एकरापासून सुरवात केली. आधी उताराला आडवे समतल चर. मग पावसाळा लागला की चरांच्या मधल्या पट्ट्यात मारवेलची ठोंबं, दीड-दोन फुटांवर ओळ आणि फुटावर ठोंब. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची फुले गोवर्धन ही मारवेलची जात आहे, ठोंबं एकदा थोडी आणली की पुढच्या वर्षी आपलीच वाढवता येतात. मधल्या जागेत स्टायलो पेरली. स्टायलो कडधान्यातली आहे, हवेतला नत्र जमिनीत आणते, गवतापेक्षा प्रथिनं कितीतरी जास्त, आणि लसूणघासासारखी पोटफुगी होत नाही. एकरी तीन-चार किलो बी. पण बियाचं कवच टणक, तसंच फेकलं तर निम्मं उगवत नाही. हाताला चटका बसेल पण उकळत नसेल अशा पाण्यात तीन-चार मिनिटं बुडवायचं, मग गार पाण्यात रात्रभर, सकाळी सावलीत सुकवून मातीत मिसळून फेकायचं, वर झाकायचं नाही, नुसतं काट्याची फांदी ओढायची. पहिल्या वर्षी मी हे केलं नव्हतं, ३ किलो बी मुंग्यांनी नेलं बहुतेक.

पहिलं वर्ष त्या पाच एकरात जनावर अजिबात नाही. दुसऱ्या वर्षी फक्त कापणी. तिसऱ्या वर्षी चारलं. पाचव्या वर्षी चौकट फेकली तेव्हा खालच्या पाच एकरात सरासरी ३०० ग्रॅम, आणि वरच्या नऊ एकरात, जिथे काहीच पेरलं नव्हतं, फक्त तुकडे फिरवले आणि निम्मं सोडलं, तिथे १८०. करा हिशोब: १२०० गुणिले पाच म्हणजे ६०००, ७२० गुणिले नऊ म्हणजे ६४८०, मिळून १२४८०, निम्मे ६२४०, भागिले ४८. १३० दिवस. गोकुळाष्टमीला सोडलेली जनावरं पुसेगावच्या यात्रेपर्यंत माळावर. जनावर तेवढंच, माळ तोच, आणि मधली दोन वर्षं तर पाऊस पण बेताचाच होता.

कापून ठेवायचं गवत कधी कापायचं यात सगळे चुकतात. भात-बाजरीची गडबड संपू दे, मग बघू, असं करत डिसेंबर उजाडतो. तोवर बी गळून गेलेलं, काडी पिवळी, त्यात प्रथिनं तीन-चार टक्के उरतात. सहा-सात टक्क्यांच्या खाली गेलं की जनावराच्या पोटातले जंतूच मंद पडतात, मग गव्हाणीत गवत असून पण जनावर कमी खातं आणि हाडं दिसायला लागतात. फुलोऱ्यात कापा, सावलीत नाही तर निदान उलथून-पालथून लवकर वाळवा, हिरवट रंग राहिला पाहिजे. राखीव तुकडा असा कापताना निम्म्याचा नियम थोडा सैल चालतो, कारण पाऊस संपल्यावर झाड झोपायलाच निघालेलं असतं, तरी चार बोटं बुडखा ठेवाच. उशीर झालाच असेल तर युरियाची प्रक्रिया करता येते, १०० किलो वाळल्या चाऱ्याला ४ किलो युरिया साधारण ५० लिटर पाण्यात विरघळवून थरावर थर शिंपडून प्लास्टिकखाली २१ दिवस हवाबंद. युरिया पूर्ण विरघळलेला पाहिजे, सहा महिन्यांच्या आतल्या वासराला आणि शेळ्यांना मी घालत नाही, आणि पहिल्यांदा करताना जनावरांच्या डॉक्टरला विचारून करा, खडा राहिला तर जनावर दगावतं.

हो, अजून एक धोका. पाण्याचा ताण बसलेली गुडघ्याएवढी ज्वारी. माळ संपला की लोक वाळून चाललेल्या ज्वारीत गाई सोडतात, त्या कोवळ्या पोंग्यात सायनाईडचं विष असतं, गाय तासाभरात आडवी होते. फुलोऱ्यावर येईपर्यंत तिकडे नाही म्हणजे नाही.

राहिला शेजाऱ्यांचा प्रश्न, आणि तो गवतापेक्षा अवघड आहे. तुम्ही माळ राखला की दुसऱ्यांच्या जनावरांना तोच एक हिरवा दिसतो. पहिली दोन वर्षं माझी भांडणंच झाली, एकदा तर तार कापली. शेवटी वडिलांनी तोडगा काढला, म्हणाले, "अरं, त्यांस्नी विळा घिऊन येऊ दी की." वरच्या एका तुकड्यातलं गवत दोन घरांना कापून न्यायला मोकळं केलं, अट एकच, शेळ्या आत नाहीत आणि कुणी काडी लावताना दिसला तर सांगायचं. हिशोबातून तो तुकडा मी आता पूर्ण वजा करतो (वरचे १३० दिवस सगळा माळ धरून आहेत). नऊशे-हजार किलो जातं, पण राखण फुकट होते. गायरानावर अवलंबून असाल तर मात्र एकट्याने निम्मं सोडून काही उपयोग नाही, तुम्ही सोडलेलं निम्मं दुसऱ्याची जनावरं खाणार. तिथे ग्रामसभेत बसून तुकडे पाडून एखादा तरी पाळीपाळीने बंद ठेवायला लागतो, आणि ज्यांच्याकडे जास्त जनावरं आहेत तेच सगळ्यात मोठ्याने विरोध करतात, तयारी ठेवून जा.

वही ठेवा. माझ्या वहीत पाच रकाने आहेत: तुकडा, जनावरं कधी आत, कधी बाहेर, बाहेर काढताना गवत किती बोटं, आणि पाऊस. पाऊस मोजायला बाटली कापून केलेलं मापक आहे, चालतं. शिवाय दरवर्षी दसऱ्याला त्याच बाभळीपाशी उभं राहून त्याच दिशेने मोबाईलवर एक फोटो. यंदाच्या चौकटी उद्यापासून फेकायच्या आहेत, पुतण्याला पाठमोरं उभं करून.